खोक्यावरची चिकटपट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीला नाही, कुसुमताईंना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सांगतानाही राग येतोय. कुणाचा? थांबा, येतो तिथवर.

परभणीहून जिंतूरकडे जाताना, गाव संपतं तिथं कुसुमताईंचं पत्र्याचं शेड आहे. ताई निवृत्त नर्स. लोकांनी हौसेनं आणलेले आणि हौस फिटल्यावर टाकलेले ससे, गिनीपिग, पंख मोडलेली कबुतरं — सगळ्यांना ताई सांभाळतात. मी शाळामास्तर. सहा वर्षं झाली, दर रविवारी तिथं जाऊन पिंजरे धुतो, सशांची नखं कापतो. लोक मला 'गिनीपिगवाले सर' म्हणतात. मागच्या महिन्यात शाल-नारळ देऊन सत्कारही केला. मी घेतला. नुसता घेतला नाही — मुकी जनावरं टाकून देणाऱ्यांना भाषणात चांगलं झाडलं. टाळ्या पडल्या. लाज? कसली लाज!

सात वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी गिनीपिगची जोडी मीच आणली होती. बिनशेपटीचे, गुबगुबीत, मांडीवर घेतलं की हळूच कुरकुरणारे जीव. दुकानदार म्हणाला, दोन्ही माद्या आहेत. वर्ष सरायच्या आत अकरा झाले. घरात वास, रोजची घाण. लेकीला म्हणालो, ताईंकडे देऊन येतो, तिथं मजेत राहतील.

मे महिन्यातली दुपार. शेडला कुलूप. फाटकावर ताईंचा नंबर मोठ्या अक्षरात रंगवलेला. फोन का नाही केला? कारण ताईंनी विचारलं असतं — सर, तुम्हीसुद्धा? तेवढं एक वाक्य ऐकायला नको, म्हणून खोकं फाटकाशी ठेवलं. भिंतीची सावली होती तिथं, हातभर. सावली सरकते हे मास्तराला माहीत नाही? आणि — हेही सांगतो — ते बाहेर पडू नयेत म्हणून मी झाकणाला चिकटपट्टी मारली होती. प्लास्टिकची पिशवी सळसळली की खायला आलं समजून ते शिट्ट्या घालायचे. स्कूटरला अडकवलेली माझी पिशवी सळसळली. आतून शिट्ट्या आल्या. मी किक मारली.

दुसऱ्या दिवशी सहज आल्यासारखा गेलो. चार मेले होते. ताई गोणपाटावर बसून उरलेल्यांना ड्रॉपरनं पाणी पाजत होत्या. समोर गयाबाई उभी — पलीकडच्या वावरात भाजी पिकवायची, बाजारात विकायची आणि उरलासुरला पाला रोज शेडवर आणून टाकायची. शेजारच्या गॅरेजवाल्यानं तिला खोक्याशी वाकलेलं पाहिलं होतं.

"म्या न्हाई ठिवलं, ताई," ती काकुळतीनं सांगत होती. "पाला द्यायला आले तर खोकं उन्हात. लय हाका मारल्या तुमाला. मंग म्याच पट्टी फाडली. चार तवाच गेले व्हते. बाकीच्यायला लिंबाखाली वढलं, पानी शिंपडलं, पाला टाकला."

ती खरं बोलत होती. खोक्याला पट्टी होती हे जगात दोघांनाच माहीत — लावणाऱ्याला आणि फाडणारीला. तिनं फाडली म्हणून सात जगले. माझा एक शब्द पुरे होता. मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, "ताई, चोराच्या उलट्या बोंबा आहेत या. खोक्यातला पाला हिचाच ना?"

असं. शांतपणे. वर्गात बोलतो तसं.

ताईंनी तिला सांगितलं, पुन्हा पाय ठेवू नकोस इथं. गयाबाई टोपली उचलून गेली. मी ताईंच्या हातातला ड्रॉपर घेतला — आणि चांगला माणूस झालो. लेकीला सांगितलं, अकराही मजेत आहेत.

सत्कारानंतर आठवड्यानं बाजारात मेथी घ्यायला वाकलो, तर समोर गयाबाई. जुडी माझ्या हातात देत म्हणाली, "सर, त्या दिशी खोकं ठिवताना वावरातून पाह्यलं व्हतं म्या तुमाला."

"मग ताईंना का नाही सांगितलं?" — हे मी तिला विचारलं. मी!

"तुमी सर," ती म्हणाली. "तुमच्याफुडं माजं कोन ऐकतंय?" आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तो सगळा माझ्याकडेच राहिलाय, आणि तो माझ्यावरच आहे. त्यानं काय होतं? काहीच नाही. मी मेथी घेऊन घरी आलो. तिची माफी मागितली नाही. ताईंना उद्या सांगणार, असं इथं लिहायचा मोह होतोय — तेवढ्यानंही मी जरा बरा दिसेन. नाही लिहीत. या रविवारीही शेडवर गेलो होतो. ताईंनी चहा दिला. मी प्यालो.