फुलांच्या खोलीतली उष्णता

या पानावर मी बरीच वर्षं नुसता वाचतोय. खरं सांगू? इथले भुताखेतांचे निम्मे किस्से वाचून मला हसू येतं. रागावू नका... माझा धंदाच तसा आहे. आमच्या पाड्यावर काही विचित्र झालं की लोक भगताकडे धावतात, मी आधी फ्यूज बघतो. एखादी वस्तू तापली तर कशाने तापली, गार पडली तर कशाने पडली, याचं कारण असतंच आणि शोधलं की सापडतं. निदान मागच्या उन्हाळ्यापर्यंत तरी सापडत होतं.

मी काशिनाथ. जव्हारला आयटीआय केलं, काही वर्षं बोईसरला एका कारखान्यात पाणी गार करणारे चिलर चालवले आणि मग घरी परतलो. मोखाड्याहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोगरा लावणाऱ्या बायकांच्या गटाचं छोटं शीतगृह आहे, तिथं मी ऑपरेटर. सकाळी खुडलेल्या कळ्या गाडी निघेपर्यंत तिथल्या थंड खोलीत राहतात, मग जीपने कसारा आणि पुढे दादर.

आमचं मशीन फ्रिजसारखं कंप्रेसरवर चालत नाही. भाताच्या तुसावर पाणी तापवायचं आणि त्या तापलेल्या पाण्याच्या जोरावर थंडी तयार करायची – व्हेपर ॲबसॉर्प्शन मशीन म्हणतात त्याला, आम्ही नुसतं व्हॅम म्हणतो. आत एक खारं द्रावण सतत फिरत असतं. ते फिरायचं मध्येच थांबलं तर घट्ट होऊन त्याचा दगड होतो आणि मशीन मेलं. खोलीतून ओढलेली उष्णता बाहेर कूलिंग टॉवरच्या हौदात जाऊन पडते. उष्णता कधी नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. आयटीआयमध्ये शिकलेल्यातलं एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

आई दुपारची भाकरी घेऊन यायची. थंड खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नाही, म्हणायची, "हाडात वारा शिरतो." टॉवरच्या हौदाशी मात्र हमखास जायची आणि पाण्यात हात बुडवून बसायची.

"काशी, हे पाणी कोण तापवतो रे?"

"फुलांची गरमी येते त्यात, आई."

"अगं बाई! म्हंजे फुलांनी आंघोळीचं पाणी काढलं!"

दर वेळी तोच प्रश्न आणि दर वेळी तेच हसणं. आंघोळीचं पाणी हा तिचा जुना सोस होता. मी आणि लहानू, माझा धाकटा भाऊ, मिशा फुटलेले बाप्ये झालो तरी पहाटे उठून चुलीवर आमचं पाणी तापवायची. बादली दाराशी आणून ठेवायची आणि आतून ओरडायची, "विसण घे रे आधी, भाजशील!"

मे महिन्यात एका सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. जीपमध्ये घालून मोखाड्याला निघालो. माझ्या मांडीवर डोकं होतं. वाटेत म्हणाली, "लहान्या येईस्तोवर मला हलवू नको." मी म्हटलं, "काय बोलतेस गं, दवाखाना आलाच." दवाखाना यायच्या आधीच ती गेली.

मला काही वाटलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. हात बधिर झाल्यासारखे होते आणि डोकं स्वच्छ. पुढे काय करायचं तेवढंच दिसत होतं.

लहानू गुजरातकडे मासेमारीच्या बोटीवर खलाशी. बोट समुद्रात होती. मालकाने वायरलेसवर निरोप दिला, पण बोट किनाऱ्याला लागून तो घरी पोचायला तिसरा दिवस उजाडणार होता. दवाखान्यातली शीतपेटी आधीच भरलेली. भाड्याने दुसरी आणायची तर पाड्यावर तेवढी वीज टिकत नाही. आणि ऊन असं की सकाळचं दूध दुपारी नासावं.

जाणती माणसं म्हणाली, मढं ठेवू नये, आजच न्या. चुकीचं काही बोलत नव्हती, आमच्याकडे तशीच रीत आहे. मी गटाच्या अध्यक्ष पार्वतीमावशींकडे गेलो आणि खोली मागितली. ऐन हंगाम होता, खोली कळ्यांनी भरलेली. मावशींनी बायकांना गोळा केलं. एकीने भरलेल्या करंड्या मोजायला घेतल्या. मग मावशीच म्हणाल्या, "फुलं काय, उद्या परत येतील. लहान्याला तोंड नाय दिसलं त परत दिसायचं नाय. काढा करंड्या." बायकांनी करंड्या उचलून बाहेर सावलीत नेल्या. आईला आत ठेवलं. मी बाहेर पॅनेलसमोर स्टूल टाकून बसलो. खोलीच्या तापमानाचा काटा दहा अंशावर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वळवाचं वादळ आलं. रस्त्यावरचा खांब आडवा झाला आणि वीज गेली. जनरेटर दोनदा घरघरला आणि गप्प झाला. तापलेलं द्रावण जागच्या जागी थांबलं. मी धावपळ करून पाहिली – पाइपावर गरम पाणी ओतलं, लाकडी हातोड्याने ठोकलं... काही उपयोग झाला नाही. मशीनच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावली. एरवी आत खळखळ ऐकू येते. तेव्हा काहीच नव्हतं. सकाळी वीज आल्यावर पंप चालू केला, तर नुसता गुरगुरून ट्रिप झाला. आत दगड झाला होता.

आदल्या वर्षी अशीच वीज गेली तेव्हा अर्ध्या दिवसात खोली तापली होती आणि सगळ्या कळ्या तपकिरी पडल्या होत्या. म्हणून काटा न बघताच मी लोकांना सांगून टाकलं की आता थांबण्यात अर्थ नाही, आईला नेऊया. पार्वतीमावशी आत जाऊन आल्या. पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेत म्हणाल्या, "कशाला? आत त गारठा हाय."

मी काटा पाहिला. दहा. वाटलं, काटा अडकलाय. काचेवर टिचकी मारली. ऑफिसमधलं पाऱ्याचं थर्मामीटर आणून आत धरलं. तेही दहा. थंड पाण्याच्या पाइपावर दव धरलं होतं, थेंब खाली पडत होते. पंप बंद, बॉयलर विझलेला. बाहेर पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

मला भीती वाटली नाही की आनंदही झाला नाही. दार लावून घेतलं आणि परत स्टुलावर बसलो.

लहानू आला तेव्हा उन्हं कलली होती. अंगाला माशांचा वास, पायांत कुणाच्या तरी चपला. आत गेला आणि आईच्या तोंडावरून हात फिरवत "आई, आलो गं... आलो ना" असं म्हणत लहान पोरासारखा रडला. मी दारात उभा. मला रडूच येईना. त्याने तिच्या तोंडावर कापड ओढलं, आम्ही तिला उचलून बाहेर आणलं आणि मी सहज मागे पाहिलं, तर काटा हलायला लागला होता. अकरा, बारा, पंधरा... डोळ्यांदेखत. एवढ्या भराभर चढताना मी तो कधी पाहिला नव्हता.

दिवस बुडायच्या आत अग्नी दिला. परत आल्यावर आंघोळी करायच्या, तर पाण्याची बोंब! विहीर तळाला गेलेली आणि टँकर त्या दिवशी आलाच नव्हता. मावशी म्हणाल्या, टॉवरच्या हौदातलं घ्या. प्यायचं नसतं, पण आंघोळीला चालतं. दोघं भाऊ बादली घेऊन हौदावर गेलो.

लहानूने बादली बुडवली आणि झटकन हात मागे घेतला.

"दादा, पाणी कवा तापवलंस?"

मी हात घातला. कढत होतं. नुसतं कोमट नाही, चुलीवरून नुकतं उतरवल्यासारखं. हौदावर वाफ होती. मशीन आदल्या दुपारपासून मेलेलं. हौद जांभळाखाली, तिथं ऊन शिरत नाही. वादळानंतर त्यात पावसाचं गार पाणीही पडलं होतं. मी लहानूला म्हटलं, "मी नाही तापवलं." विसणाला गार पाणी कुठेच नव्हतं, म्हणून बादल्या भरून ठेवल्या आणि निवायची वाट बघत दोघं शेजारी बसलो. तिथं बसल्या बसल्या मला रडू फुटलं, ते किती तरी वेळ थांबेना.

पुढच्या आठवड्यात ठाण्याहून सर्व्हिस इंजिनियर आला. माणूस हुशार, कामाचा. मशीन तपासून म्हणाला, "अहो, आत पूर्ण घट्ट झालंय, वर हवापण शिरलीये. वीज गेल्यापासून हे एक मिनिटसुद्धा चाललेलं नाही." मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, खोलीच्या भिंती जाड आहेत, टिकली असेल थंडी. आणि पाणी? "उन्हाने तापलं असेल." मी त्याला जांभळाखालचा हौद दाखवला. त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि चहा मागितला.

मशीन आता ठीक आहे. खोलीत परत मोगरा असतो. भगताकडे मी अजूनही जात नाही, आणि कुणी भुताची गोष्ट सांगायला लागलं तर अजूनही वैतागतो. तुमच्यात कुणी रेफ्रिजरेशनचा जाणकार असेल तर त्याने मला जरूर लिहावं. फक्त भिंती आणि ऊन सोडून बोला. त्या दिवशी खोलीतली उष्णता कुठे गेली ते मला माहीत आहे, मी त्याच पाण्याने आंघोळ केली. ती नेली कोणी, तेवढं सांगा.