नव्वद किलोच्या आत, बीडमार्गे

पुण्याहून सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत चार काकड्या, फुटाण्यांची पुडी, स्क्रू-ड्रायव्हरांचा संच आणि सर्जनबाईंनी दिलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीवर एकच ओळ : ‘वजन नव्वदच्या आत आल्यावर भेटणे.’ माझ्या बेंबीशेजारी लिंबाएवढा हर्निया झाला होता. शस्त्रक्रियेची तारीख बाईंनी दोनदा पुढे ढकलली होती. दोन्ही वेळा मी काट्यावर उभा राहिलो आणि बाई काट्याऐवजी माझ्याकडेच बघत राहिल्या. आता सोमवारी तिसरी खेप होती. निघताना मी एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम होतो.

माती तपासायची छोटी यंत्रं बसवून देणं हे माझं काम. बीड जिल्ह्यातल्या तीन कृषी सेवा केंद्रांनी ती घेतली होती : मांजरसुंब्याला एक, शिरूर कासारला एक, उमापूरला एक. चार दिवसांचा दौरा, म्हणजे चार दिवस हॉटेलात जेवणं.

“तिकडं ‘नको’ म्हटलेलं कुणाला ऐकू येत नाही,” माझी बायको नलिनी म्हणाली. तिची एक मैत्रीण तिकडची आहे. “प्रत्येक ताटाचा फोटो पाठवायचा. जेवायच्या आधी.”

जामखेड मागे पडलं आणि बालाघाटचे डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ आले. पाऊस नुकताच उघडला होता. एरवी करडे दिसणारे उतार हिरवेगार झाले होते, कापसाला बोंडं धरली होती. मी काकडी खात खिडकीतून बघत होतो आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरलो तर चारी बाजूंना ढाबे, ट्रक आणि फोडणीचा वास. भाड्याच्या गाडीचा चालक महादेव वाट बघत उभा होता. वय पस्तिशीचं, अंगाने उसाच्या कांडीसारखा सडसडीत.

“आलात? बरं झालं. आदी जेवू, मंग काम.”

ढाब्याच्या मालकाला मी म्हणालो, “मला अर्धी भाकरी आणि थोडं वरण.”

“अर्धी?” तो आतल्या चुलीकडे बघून परत माझ्याकडे वळला. “अर्धी कशी थापायची ओ?”

मग त्याने महादेवला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, “बिमार हाय का पाव्हणं?”

“आप्रेशन हाय त्यांचं,” महादेव म्हणाला.

झालं. मालकाचा चेहरा कळवळून गेला. आजारी माणसाला ताकद पाहिजे, हे त्याने परस्पर ठरवलं. परातीएवढ्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या आल्या, बोटभर तर्रीची शेवभाजी आली, शेंगदाण्याचा ठेचा आला आणि त्याच्यावर न विचारता तेलाची धार आली. मी पिशवीतली काकडी दाखवून “माझं हे आहे” म्हणालो. त्याने ती कौतुकाने घेतली, चिरून मीठ-तिखट लावून आणली आणि महादेवसमोर ठेवली. महादेवने संपवली.

मी नलिनीला फोटो पाठवला, तो काकडीच्या बशीचा. दोन्ही भाकऱ्या मी खाल्ल्या, हे इथे पहिल्यांदाच कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बीडमध्ये लॉजखालच्या हॉटेलात बसलो होतो. नलिनीचा फोन चालू असतानाच वेटर येऊन मोठ्याने म्हणाला, “सर, सुशीला गरम हाय. आजून देऊ का?”

ते नलिनीलाही ऐकू गेलं.

“कोण सुशीला?”

“अगं, नाश्ता आहे,” मी म्हणालो. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन, दाण्याचं कूट घालून करतात तो प्रकार) मी त्या सकाळपर्यंत कधी पाहिली नव्हती. मी वेटरलाच फोन दिला. त्याने नलिनीला कृती सांगितली. तिचं समाधान झालं, पण शेवटी तिने त्यालाच विचारलं, “किती खाल्ली त्यांनी?”

“दोन प्लेटी झाल्या, म्याडम,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

त्याच दुपारी शिरूर कासारला यंत्र बसवून झालं आणि महादेव मला एका खानावळीत घेऊन गेला. पत्र्याची खोली, दोन बाकडी, कोपऱ्यात चूल. चुलीपाशी पन्नाशीच्या कौसाबाई बसल्या होत्या. त्या महादेवच्या मावशी, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी गाडीतच बसून राहिलो असतो.

या वेळी मी निश्चय केला होता. एक भाकरी मोडली आणि अर्धी ताटाच्या कडेला ठेवली. मावशींनी ती लगेच पाहिली.

“ही कावून ठिवली? जळाली का?”

“नाही हो. फार छान आहे. मला वजन कमी करायचंय.”

“म्हंजी?”

“म्हणजे कमी खायचं. डॉक्टरांनी सांगितलंय.”

मावशींनी हातातला पिठाचा गोळा खाली ठेवला. “म्हंजी म्होरं भाकर हाय. पोटात भूक हाय. आन् तुमी खात न्हाई.”

“हो.”

त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. मग त्यांनी शेजारणीला हाक मारून बोलावलं आणि तिला माझी अर्धी भाकरी दाखवली. शेजारीण हसली. महादेवही हसला. शेवटी मीही हसलो, पण हसताना हर्निया दुखला आणि मी पोट धरलं.

“वजनच घालवायचं आसंल तर आमच्या ऊसतोडीच्या टोळीवर चला,” मावशी डोळे पुसत म्हणाल्या. “मोळी डोक्यावर घ्यायची आन् फळीवरून ट्रकात चढायचं. दिवाळीला आलेलं जाडं माणूस संक्रांतीला वळखू येत न्हाई.”

ही खानावळ दसऱ्यापर्यंतच चालते. मग मावशी, त्यांचा नवरा आणि गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. तवे, पातेली पोत्यात बांधून पत्र्याला कुलूप लागतं. जेवणारेच गावात नसतात, तर खानावळ चालवून करायचं काय, असं त्यांनी सहज सांगितलं.

“आप्रेशन कशाचं?”

मी सांगितलं. त्यांचं हसू तिथंच थांबलं. त्यांच्या दिराला हेच झालं होतं. पोटाला पट्टा आवळून त्याने दोन हंगाम मोळ्या उचलल्या. तिसऱ्या वर्षी फडातच आतडं अडकलं.

“लई वंगाळ झालतं. दवाखान्यात न्हेईपतूर गुरासारखा वरडत व्हता. वाचला म्हणा.” त्या उठल्या आणि माझ्यासमोरचं ताट, अर्ध्या भाकरीसकट, उचललं. “कवा दाखवायचं हाय?”

“सोमवारी.”

“किती उतरायचंय?”

“दीड किलो. आता थोडं जास्तच असेल.”

“कालपासनं काय खाल्लं?”

नलिनीला न सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगितलं. शेवभाजी, तेलाची धार, सुशीला, सगळं. मावशींनी ऐकून घेतलं. मग एका वाटीत ताकातल्या कण्या (ज्वारीच्या भरडीची पातळ पेज) आणून ठेवल्या आणि महादेवकडे वळल्या.

“मह्यादेवा, आजपासनं ह्यांला सकाळी कण्या, दुपारी एक भाकर आन् पालेभाजी. रातच्याला परत कण्या. गोड दिसलं तर गाडी थांबवायची न्हाई. मी फोन करीन.”

“आगं मावशे, ते सायेब हायेत.”

“सायबाला आतडं न्हाई का?”

त्यांनी खरंच फोन केले. तिसऱ्या दिवशी गेवराईच्या हॉटेलात मी नुसतं “भजी आहेत का?” विचारलं, तर महादेवच्या खिशात फोन वाजला. मला वाटतं तो योगायोग होता. महादेवला तसं वाटलं नाही. तो उभा राहूनच फोनवर बोलला.

त्या संध्याकाळी उमापूरला खरी परीक्षा आली. तिथलं कृषी केंद्र ज्यांच्या जागेत होतं ते अण्णा मोठे बागायतदार, गावातलं वजनदार राजकारणी नाव. त्याच दिवशी त्यांच्या नव्या ‘फॅमिली गार्डन रेस्टॉरंट’चं उद्घाटन होतं. मंडप, लाउडस्पीकर, दोनशे माणसं. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले पुढारी आलेच नव्हते. मी हात पुसत दुकानातून बाहेर आलो आणि अण्णांनी माझा दंड धरला.

“चला सर. तुमीच आता.”

दोन मिनिटांत माझ्या डोक्याला फेटा बांधला गेला आणि माइकवरून ‘पुण्याहून आलेले थोर माती शास्त्रज्ञ’ अशी माझी ओळख झाली. मी स्क्रू पिळणारा माणूस. समोर लांब टेबलावर अकरा पदार्थ मांडले होते. मटण, काळ्या मसाल्यातली वांगी, तुपातली डाळ, पुरणपोळी, रबडी. पाहुण्यांनी प्रत्येक पदार्थाचा घास घेतला की जेवण सुरू, असं ठरलं होतं. दोनशे माणसं भुकेली होती आणि सगळ्यांचे मोबाइल माझ्यावर रोखलेले.

“अण्णा, मला पथ्य आहे,” मी कुजबुजलो.

“घासानं काय व्हतंय ओ? गावासमोर न्हाई म्हणू नका. माझी इज्जत हाय.”

ती खरंच पणाला लागली होती. त्यांचा चेहरा उतरला होता. पुढारी न आल्याचं त्यांना फार लागलं होतं, आणि आता हा दुसराही पाहुणा हातचा चालला होता. मी चमचा उचलला. खोटं कशाला बोलू, मनातून मी खूष होतो. इतका बिनदोष बहाणा मला महिनाभरात मिळाला नव्हता.

तेवढ्यात माझ्यापुढे माइक धरायला अण्णांनी उभ्या केलेल्या महादेवचा फोन वाजला. एका हातात माइक, त्यामुळे त्याने गडबडीत फोनचा स्पीकर चालू केला.

“मह्यादेवा!” लाउडस्पीकरमधून सगळ्या उमापूरवर आवाज घुमला. “त्या जाड्या पाव्हण्याला काय चारलंस रं?”

मंडपात हशा फुटला. खुर्च्यांवरची माणसं वाकून हसत होती. महादेवने माइक लांब करण्याऐवजी आणखी जवळ आणला.

“मावशे, उद्घाटन हाय. अण्णांकडं.”

“आसू दे की! अण्णांना सांग, माझ्या दिराला झालतं तेच हाय ह्यांला. आतडं अडकलं तर अण्णा न्हेणार का दवाखान्यात?”

अण्णा हसता हसता थांबले. त्यांनी महादेवच्या हातून माइक घेतला. “मावशी, म्या अण्णाच बोलतोय. न्हाई चारत. शब्द दिला.” मग गावाकडे वळून म्हणाले, “मंडळी, सरांचं आप्रेशन हाय. ते फकस्त वास घेतील. वास घेतला की उद्घाटन झालं!”

आणि तसंच झालं. अकरा ताटल्या एकामागून एक माझ्या नाकाखालून गेल्या. प्रत्येक वासाला टाळ्या. मटणाला मी जरा जास्त वेळ घेतला तर मागून कुणीतरी ओरडलं, “बास की, हुंगून संपीवतंय ते!” शेवटी माझ्या ताटात एक भाकरी आणि मेथी आली. अण्णांनी निघताना खव्याच्या पेढ्यांचा एक किलोचा डबा हातात ठेवला. “घरी वहिनींला द्या.”

चौथ्या दिवशी मांजरसुंब्याच्या यंत्रात राहिलेली एक तार जोडली आणि बसची वाट बघत फाट्यावरच्या एका हॉटेलात शिरलो. महादेव डिझेल भरायला गेला होता. मी घाईघाईने रबडी मागवली. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्याकडे निरखून बघितलं, मग मोबाइलकडे.

“तुमी वास घेणारे पाव्हणे न्हवं?”

उमापूरची चित्रफीत जिल्हाभर फिरत होती. त्याने स्वतः रबडीची वाटी आणली, माझ्या नाकाखाली धरली, दोन वेळा फिरवली आणि परत घेऊन गेला. “आप्रेशन झाल्यावर या. मंग पोटभर देतो.”

पण बसमध्ये मला ओळखणारं कोणी नव्हतं. मांडीवर डबा होता. आष्टी येईपर्यंत मी फक्त झाकण उघडून वास घेत होतो. नगर आलं तेव्हा डब्यात चार पेढे उरले होते.

सोमवारी काटा म्हणाला, नव्वद किलो सहाशे ग्रॅम. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “पंधरा दिवस आणखी,” त्या म्हणाल्या. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी कौसाबाईंना फोन लावला आणि पेढ्यांचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. “एकटं बसलं की आसंच व्हतं,” म्हणाल्या. “रोज सातला मी फोन करीन.”

पंधरा दिवस त्या रोज फोन करत राहिल्या. काय खाल्लं, किती खाल्लं, खरं सांगा. माझ्याकडे वजनाचं एक अॅप आहे, भिंतीवर तक्ता आहे, घरात नलिनी आहे. या सगळ्यांना मी बिनदिक्कत फसवत होतो. मावशींना मला फसवता आलं नाही. मी बीडहून काय आणलं असं लोक विचारतात तेव्हा मी पेढे म्हणतो, पण ते काही खरं नाही. मी किती खातो याची काळजी करणारं, चूल सोडून उठणारं एक माणूस मला तिथल्या एका पत्र्याच्या खोलीत भेटलं.

एकोणनव्वदला शस्त्रक्रिया झाली. तोवर दसरा उलटून गेला होता आणि मावशी टोळीबरोबर कारखान्याच्या फडावर पोचल्या होत्या. मी टाके घेऊन घरी पडलेलो असताना दुपारी फोन आला. मागे कोयत्यांचा आणि ट्रॅक्टरचा आवाज होता.

“काय खाल्लं?”

“मुगाचं पाणी,” मी म्हणालो. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला सुचलं. “आणि तुम्ही? तुम्ही काय खाल्लं, मावशी?”

पलीकडे कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला.

“भाकर आन् मिरची,” त्या म्हणाल्या. “किती खाल्ल्या ते इचारू नगा. तुमाला भूक लागंल.”