गोळी चुकली, मी म्हणाले

परवा लंडनजवळ पिनरला लेकीकडे खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर भिजलेला लोकरी कोट वाळत होता. त्या वासाने मला थेट स्कॉटलंडच्या डोंगरावर नेलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी ब्रिस्टलला हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे हाताखालची डॉक्टर होते आणि आमच्या कन्सल्टंटनी, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरांनी मला हरणाच्या शिकारीला बोलावलं होतं.

सोबत माल्कम नावाचा म्हातारा शिकारी होता. वारा तोंडावर घेत आम्ही ओल्या गवतातून तासभर सरपटलो. तो कुजबुजत शिकवत होता. "नर आपल्याकडे कूस करून उभा राहीपर्यंत थांबा. पुढच्या पायामागे नेम धरा. गोळी पोटात लागली तर तो पाठीची कमान करतो. मग तो तडफडत राहू नये म्हणून मागावर जायचं, कितीही वेळ लागो."

एक शिंगाळा नर कूस करून उभा राहिला आणि मी गोळी झाडली. त्याची पाठ वाकली, ते मला स्पष्ट दिसलं. मग तो धुक्यात शिरला. माल्कमची दुर्बीण पावसाने धुरकटली होती.

"पाठ वाकली का, डॉक्टर?"

मी थंडीने कुडकुडत होते, मागावर जायची ताकद नव्हती. खाली कन्सल्टंट वाट बघत होते, हरीण नुसतं जखमी केलं हे त्यांना कळण्याची लाज वाटत होती.

"नाही," मी म्हणाले. "गोळी चुकली."

नर उभा होता तिथे जाऊन त्याने रक्ताचे डाग शोधले, पण पावसात काही उरलं नव्हतं. "तुम्ही डॉक्टर, तुम्हाला कळलंच असतं," तो म्हणाला. "साफ चुकली ते बरं झालं. जखमी होऊन कुठे पडला असता, तर मला झोप लागली नसती."

तेव्हा ते खोटं मला छोटंसं वाटलं होतं. उतरताना मी घसरू नये म्हणून त्याने हात पुढे केला, आणि मी तो धरला.