कप हमीदाचा, बशी माझी

शबनम दारात येऊन उभी राहिली तेव्हा मी मेथीची जुडी हातात धरून भाजीवाल्याशी वाद घालत होते. शेजारच्या हमीदाची ती सून. एरवी आधी हाक येते, मग ती येते. त्या सकाळी हाक नव्हती. "अम्मी उठ नहीं रहीं..." एवढंच म्हणाली. हमीदा झोपेतच गेली. हृदय थांबलं. लिवरचा काही संबंध नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण मय्यतीला आलेल्या निम्म्या लोकांनी मला कोपऱ्यात घेऊन तेच विचारलं. हमीदाने ते ऐकलं असतं तर कफन बाजूला सारून रिपोर्ट दाखवायला उठली असती.

मी लग्न होऊन नंदुरबारला आले ती तापीकाठच्या गावातून, अकरावी पास होऊन. हे पास होणं मी नळावर पाणी भरतानासुद्धा लोकांना सांगायचे. अंगाने मात्र कुंपणाची काठी. सासूबाई म्हणायच्या, वारा सुटला की हिला दाराला बांधून ठेवा. भिंतीपलीकडे हमीदा, माझ्याच वयाची, तीही काठीच. ती मिरची वाळत घालायच्या मैदानात, पथारीवर, देठ खुडायला जायची. संध्याकाळी परतली की तिच्या पदराच्या वाऱ्याने अख्खी गल्ली शिंकायची. गल्लीच्या टोकाला एक कंपाउंडर ताकदीची सुई टोचायचा. काचेची सिरिंज, सगळ्यांना मिळून एकच सुई, दोन माणसांच्या मधे कोमट पाण्याच्या डब्यात एक बुडी. आम्ही दोघी तिथे नटूनथटून रांगेत उभ्या राहायचो. कशासाठी, तर गाल वर यावेत म्हणून. मला शास्त्रात चांगले गुण होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. गाल काही आले नाहीत. ते पुढे बाळंतपणात फुकट आले.

सुई टोचून घेतली की हमीदाच्या ओट्यावर एक चहा, दोघींत अर्धा अर्धा. ती कपातून प्यायची, मी बशीतून. फुर्र आवाज करत पिण्याची मला हौस, आणि सासरी त्यावर बंदी. ही वाटणी तेव्हा ठरली ती ठरली. कप फुटले, नवे आले, आमचे दोघींचे नवरे गेले, पण चार वाजता कप तिचा आणि बशी माझी. ओतणार तीच. मी ओतलं तर म्हणायची, तू स्वतःकडे जास्त ओतून घेतेस. घ्यायचे.

मग काही वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तिचं रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस सी निघाला. डोळे पिवळे नाहीत, दुखणं नाही, आणि विषाणू मात्र लिवरमध्ये बिऱ्हाड थाटून बसलेला. डॉक्टर म्हणाले, जुनी सुई हे कारण असू शकतं, पण इतक्या वर्षांनी नक्की कोण सांगणार? मग माझंही रक्त तपासलं. ते कोरं आलं. हमीदा म्हणाली, "तुन्ही अकरावी कामे उनी वं."

औषध सरकारी दवाखान्यात मोफत होतं, रोजची गोळी. पण पहिली गोळी घेण्याआधी तिने आपल्या कपाच्या कानाला शबनमच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. हा कप कोणी घ्यायचा नाही. एका कपातून प्यायल्याने हे पसरत नाही, रक्तातून पसरतं, असं डॉक्टरांनी समजावलं. शबनमने विनवण्या केल्या. पण घरात तान्ही नात होती, आणि हमीदाची भीती कोणाच्या बापाचं ऐकत नव्हती. ओट्यावर दोन कप येऊ लागले. माझ्या कपाखाली बशी असायची, पण आपल्या हाताने ओतलेल्या बशीत कसली आलीय मजा...

त्याच दिवसांत दवाखान्यातून ऋतुजा नावाची मुलगी यायला लागली. हा उपचार घेताना पेशंटला स्वतःला काय वाटतं, याचा ती अभ्यास करत होती. तिच्याकडे हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत चित्रांची रांग होती. आज थकवा किती, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. हमीदाने एकेक चेहरा मुलगी बघायला आल्यासारखा न्याहाळला आणि म्हणाली, "हाऊ हासस की रडस? याले दात बी नहीत." थकवा, खाज, झोप, भूक, सगळ्याला उत्तर एकच, बरं शे. मी मधेच खरं सांगायला गेले तर मला म्हणाली, आजारी मी शे का तू? शेवटी ऋतुजाने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आजी, आमचं काय विचारायचं राहिलं?"

हमीदाने ठिपक्याचा कप हातात फिरवला. मग म्हणाली, "इचार... तुन्हा कपमा कोन चहा पेस?"

पुढच्या खेपेला ऋतुजाने सांगितलं की हा प्रश्न आता ती सगळ्याच पेशंटना विचारते, आणि गप्प बसणारी माणसंही तिथे बोलायला लागतात. झालं. हमीदा मिरच्यांच्या ढिगाऱ्यापासून मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत सांगत फिरली की आपला सवाल दवाखान्यात चालतो.

गोळ्या संपल्या. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि रक्तात विषाणू सापडला नाही. रिपोर्टला प्लास्टिकचं कव्हर चढलं, पेढे वाटले. ठिपक्याचा कप मात्र वेगळाच राहिला. ऋतुजा शेवटची आली तेव्हा तिने हमीदाला हमीदाचाच प्रश्न विचारला. इतकी तोंडाळ बाई, मान खाली घालून पुटपुटली, "कोनी नही."

मला काय झालं कोण जाणे. मी तिच्या हातातला कप हिसकावला आणि मोठा घोट घेतला. उकळता चहा. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, साडीवर सांडला तो वेगळाच. आता ही घाबरून किंचाळणार, मला चूळ भरायला लावणार, असं वाटलं. हमीदा उठली ती कमरेवर हात ठेवून. "ए सुमन, कप मन्हा शे! तुन्ही बशी शे ना तठे?" कप ओढून घेतला, न पुसता तोंडाला लावला, आणि उरलेला चहा अशा रागाने माझ्या बशीत ओतला की अर्धा ओट्यावर गेला. मग तिच्याच लक्षात आलं. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ऋतुजाला म्हणाली, "लिख पोरी. बरी व्हयनी." ऋतुजा कागदावरच्या चेहऱ्यांच्या रांगेत शोधत राहिली. तसा चेहरा त्यात नव्हता.

चाळिसावा झाल्यावर शबनम तो कप माझ्याकडे ठेवून गेली. ठिपका अर्धा खरवडलाय, पण आहे. चारला मी एक चहा करते, अर्धा त्या कपात, अर्धा बशीत ओतते, स्वतःकडे जरा जास्तच. बशी फुर्र करून संपवते. कपाला हात लावत नाही... उगाच ओरडा कोण खाईल? परवा शबनम मुलीला घेऊन आली, ओट्यावर टेकली आणि बोलता बोलता तो कप उचलून पिऊ लागली. तिचा अंगठा बरोबर ठिपक्यावर होता.

मी म्हटलं, "जपून गं, ओरडेल ती."

"चिल्लाने दो," शबनम म्हणाली, आणि उरलेला चहा तिने माझ्या बशीत ओतला.