ऋताच्या दोन वेण्या

आमचा अव्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ अवधूत, चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. बंद पडलेलं मशीन त्याच्या हाती गेलं की चालू झालंच म्हणून समजा. गेल्या वर्षी त्याच्याच हातातून स्क्रू ड्रायव्हर निसटायला लागला, तेव्हाच घरात सगळ्यांना कळून चुकलं. आमचे वडील याच आजाराने गेले. घराण्यातून आलेला आजार आहे. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात.

मग या शहाण्याने काय करावं? दुरुस्त केलेलं मशीन फुल लोडवर चालवून बघायची कंपनीतली सवय! तसाच हात चालवायला लागला. व्यायामाची स्प्रिंगची मूठ काय दाबतोय, ओव्हरटाइम काय करतोय! संध्याकाळी चहाचा कप धरवेना. डॉक्टरीणबाईंनी चांगलाच झापला.

"अहो, नस आणि स्नायू जिथे जोडलेले असतात, तो जोडच आधी सुटतो. जे जोड उरलेत त्यांच्यावर दुप्पट भार आहे. त्यांना दमवू नका. ते जोड वाचवणारं औषध शोधताहेत, पण आज माझ्याकडे नाही."

कुणाकडे कधी तांब्याभर पाणी न मागणारा आमचा अव्या त्या दिवसापासून शर्टाची बटणंसुद्धा लावून मागायला लागला. "ताई, भरव गं." त्याची बायको निवेदिता सकाळच्या शिफ्टला जाते आणि मी कासारवाडीत त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात. एकदा मी भडकलेच. "अरे, निदान पोहे तरी आपल्या हाताने खा! कुक्कुलं बाळ आहेस का?"

"ताई, दोन्ही हातांत सकाळी थोडाच जीव असतो," तो म्हणाला. "तो पोह्यांवर घालवला तर ऋताच्या वेण्या कोण घालणार?"

ऋता त्याची मुलगी, पाचवीतली. मी चमचा भरून त्याच्या तोंडापुढे धरला. काय माणूस आहे हा!

पुढे दोन वेण्याही जमेनात. मग शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला मशीन समजावून देतात ना, तसं त्याने तिला समजावलं. "तिन्ही पेड सारखे घे. घाई नको." आता एक वेणी बापाची, एक लेकीची. आजार तिच्यात उतरलाय की नाही, ते या वयात तपासत नाहीत. माझी तपासणी मीच टाळतेय, धीर होत नाही. आणि हा बाबा संशोधनासाठी हातात सुया टोचून घेऊन येतो, वर मलाच हसवतो. मला त्याचा फार अभिमान वाटतो, सांगून टाकते.

परवा शाळेची बस यायची वेळ झाली होती. ऋताने घातलेली वेणी घट्ट, सरळ. बापाची सैल, रिबीन लोंबतेय. अव्या त्या सैल वेणीकडेच बघत बसला होता.

"ये गं, ती सैल वेणी नीट करून देते," मी म्हटलं.

ती मागे सरकली. आपली घट्ट वेणी सोडली आणि पुन्हा घातली, मुद्दाम सैल.

"बघ आत्या, झाल्या की दोन्ही सारख्या!" म्हणाली आणि बसकडे पळाली.