साडेपाच तास मागचं घड्याळ

आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत. एक बरोबर चालतं, दुसरं साडेपाच तास मागे. नवा पाहुणा आला की हमखास सांगतो, तुमचं ते घड्याळ चुकलंय. मी हो म्हणते आणि चहा टाकते. ते चुकलेलं नाही हे समजावून सांगायला बसलं की माझं डोकं फिरतं, आणि त्यात पाहुण्याचा काही दोष नसतो.

माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, कोल्हापुरातल्या एका जुन्या टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. केबिनमध्ये उभं राहून सिनेमा दाखवणारा माणूस. रीळ नुसतं कानाशी धरून ते कुठे तुटेल हे सांगायचे, असं त्यांचे सोबती म्हणत. त्यात थोडी फेकाफेकी असणार, पण त्यांच्या हातून खेळ बंद पडल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मग रिळं गेली आणि डिजिटल मशीन आलं. ते टॉकीजचं नव्हतं, एका कंपनीने करारावर बसवलेलं होतं. कंपनीच्या इंजिनिअरने एका दुपारी हिंदी-इंग्रजीत भराभरा काहीतरी सांगितलं, पुस्तिका हातात दिली आणि तो पुण्याला निघून गेला. आण्णा सातवी शिकलेले. त्यांनी ती पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला आपण फार शहाणे झालो असं वाटत होतं.

रोज जेवताना आम्ही एकेक शब्द घ्यायचो. सिनेमा आता हार्ड डिस्कवर येतो, त्याला डीसीपी म्हणायचं. तो डिस्कवरून मशीनच्या सर्व्हरमध्ये भरून घ्यायचा, ते इन्जेस्ट. फ्लॅट आणि स्कोप, म्हणजे पडद्यावरच्या चित्राची रुंदी, हे शब्द पुस्तिकेत सापडले तेव्हा आण्णा एवढे खूश झाले की भाकरी हातातच राहिली. ते तर रिळाच्या काळापासूनचे, त्यांचेच होते. केडीएमला मात्र आम्हाला तीन दिवस लागले. ती कुलपाची किल्ली, ईमेलने येते. कुठला सिनेमा, कुठल्या मशीनवर, कधीपासून कधीपर्यंत, हे सगळं तिच्यात ठरलेलं असतं. आण्णा म्हणाले, म्हणजे सिनेमा आपल्या घरात, आणि कुलूप दुसऱ्याचं. याहून चांगली व्याख्या मला अजून कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

त्या किल्लीवरच्या वेळेने त्यांची झोप उडवली होती. शुक्रवारी लागणाऱ्या सिनेमाची किल्ली गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला कशी सुरू होते, हे त्यांना कळेना. मी सांगितलं की या मशीनमध्ये जगभर एकच वेळ धरतात, यूटीसी म्हणतात तिला, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. गुरुवारचे तिकडचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे आपले रात्रीचे बारा. दुसऱ्या दिवशी ते लक्ष्मीपुरीतून एक साधं घड्याळ घेऊन आले, साडेपाच तास मागे लावलं आणि केबिनमध्ये जुन्या घड्याळाशेजारी टांगलं. मालकांनी आणि गेटकीपरनी त्यांची भरपूर चेष्टा केली. मला मात्र इतका अभिमान वाटला की कॉलेजात मैत्रिणींना सांगत सुटले.

पुढच्या वर्षी एका मोठ्या सिनेमाच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, खेळ बंद ठेवून मशीनची सर्व्हिसिंग केली. तोच इंजिनिअर आला होता. दुपारी बाराच्या सुमारास त्याने आतलं सुरक्षा झाकण काढलं. ते झाकण उघडलं की मशीन त्याची नोंद करतं आणि किल्ल्या घेणं बंद करतं. अधिकाराच्या माणसाने पासवर्ड टाकून पुन्हा जुळवणी केल्याशिवाय कुलूपबंद सिनेमा चालतच नाही. ती जुळवणी करायला तो विसरला, की घाई होती म्हणून सोडून दिली, देव जाणे. त्याने चाचणीला एक जाहिरात लावली, ती चालली, कारण जाहिरातीला कुलूप नसतं. सिनेमाची किल्ली तर रात्री बारापर्यंत उघडणार नव्हती. तो जेवून निघून गेला.

शुक्रवारी पहिल्या खेळाला हलगी, गुलाल, दारात गर्दी मावेना. आणि पडदा काळाच राहिला. लोकांनी दीड तास शिव्या घातल्या, मग खुर्च्या मोडल्या. कुणीतरी केबिनच्या काचेवर दगड मारला. आण्णा आतच उभे होते.

इंजिनिअर शनिवारी परत आला, मशीन दहा मिनिटांत सुरू केलं आणि अहवाल लिहिला. मशीनच्या नोंदीनुसार सुरक्षा झाकण गुरुवारी सहा वाजून चाळीस मिनिटांनी उघडलं गेलं. इतक्या सकाळी केबिनच्या चाव्या फक्त ऑपरेटरकडे असतात. कारण, ऑपरेटरची चूक.

आण्णांनी तो कागद घरी आणला. मला वाचून दाखवायला नव्हे, त्यांनी तो आधीच वाचला होता. आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे सहा चाळीस त्या घड्याळातलं हाय. आपल्यात बारा धा झालंतं. बॅटरी मीच धरलीती त्याला."

मी म्हटलं, मी येतो की तुमच्यासंगं, मालकास्नी सांगूया. मला खात्री होती. हिशोब सहावीच्या पोराला जमेल एवढा सोपा होता. मालकांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला, मी कागदावर बेरीज करून दाखवली आणि ते शांतपणे ऐकत राहिले. मधे एकदासुद्धा त्यांनी शंका काढली नाही. मला वाटलं, जिंकलो.

"कळलं मला," ते म्हणाले. "पोरगी हुशार हाय तुमची, मामा. पण मशीन त्यांचं. चूक त्यांची म्हटली तर ते उद्या मशीन उचलून नेतील. तुमची म्हटली तर तुम्ही काय उचलून नेणार?"

मालकांनी पेन पुढे केलं आणि नोकरीला धक्का लागणार नाही, असा शब्द दिला. तो त्यांनी पाळलाही. आण्णांनी अहवालावर सही केली आणि सोमवारपासून ते टॉकीजच्या पार्किंगमध्ये उभे राहायला लागले, मोटारसायकली सरळ लावून घेत. केबिनमधून त्यांनी फक्त आपलं घड्याळ आणलं.

त्या दिवशी मालकांकडून परत येताना ते गाडी चालवत होते, मी मागे बसले होते. दसरा चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ते मान न वळवता म्हणाले, "तू शिकवलं नसतंस तर बरं झालं असतं बघ. माझंच कायतरी चुकलं म्हणून गप बसलो असतो."

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. मालकाचा आला होता त्याहून जास्त. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आता मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. बिघाडाचे अहवाल मीच लिहिते. कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' लिहिलं की सगळे मोकळे होतात, आणि म्हणून मी ते कधी लिहीत नव्हते. त्यावरून साहेबांशी अनेकदा वाजलं. मला त्याचा माज होता म्हटलं तरी चालेल.

गेल्या महिन्यात एका मशीनवर अख्खी पाळी खराब माल निघाला. मशीनमधल्या नोंदींचा लॉग मी स्वतः काढला. सेटिंग साहेबांच्या लॉगिनमधून बदललेलं होतं, वेळेसकट. साहेबांनी लॉग बघितला, दार लावून घेतलं आणि माझ्या बढतीचा कागद वर पाठवायचा आहे, एवढंच बोलले. मी रकाना भरला.

त्या मशीनवरचा ऑपरेटर हुपरीहून येतो, माझ्या आण्णांच्याच वयाचा. सहीसाठी बोलावलं तेव्हा अहवाल इंग्रजीत होता. काय लिहिलंय, असं त्याने विचारलं, आणि मी सांगितलं. त्याने थोडा विचार केला.

"माझंच कायतरी चुकलं असंल, मॅडम," तो म्हणाला, आणि सही करून परत मशीनवर गेला.

आण्णांना मी हे अजून सांगितलेलं नाही.