मी तुमना माणूस शे

२०२२ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. धुळ्यात प्लॉट घेणाऱ्या शेठच्या ऑफिसात दलालाने न विचारता माझं मनगट धरलं आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला.

"नाना, इथं लावा."

मी तिसरी शिकलोय. सही येते. हे त्याला माहीत होतं.

त्याला सगळंच माहीत होतं. माझा प्लॉट विकून देतो म्हणून सहा महिने माझ्या ओट्यावर बसून कळण्याची भाकर खाल्ली त्यानं. आल्याबरोबर जयभीम. मग, "नाना, मी तुमना माणूस शे. बठ्ठं मी देखी लेसू, सगळं माझ्यावर सोडा. आपण शेठला वाकवू." आपला माणूस म्हणून मी पोटातलं सांगितलं. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, दिवाळीआधी प्लॉट विकायलाच पाहिजे. दुसऱ्या कोणाला बोललो नव्हतो. पोरालाही नाही.

त्या दिवशी शेठ कागद सरकवत म्हणाला, "बाईंचे गुडघे फार दुखतात ना? मग ताणता कशाला?" आणि ठरलेला भाव तिथंच पाडला.

मी दलालाकडे पाहिलं. तो टेबलाच्या पलीकडे, शेठला खेटून बसलेला.

"आम्ही याच्यावर जाऊ शकत नाही, नाना."

आम्ही. सहा महिने आपण, आपण. आता आम्ही.

मग तो उठला, पॅड घेऊन आला. पुढचं वर सांगितलं.

मी हात हिसडला. विचारलं, "तू कोना माणूस शे?"

तो शेठकडे बघून हसला. "दोन्हीसना, नाना. धंदाच तसा शे. अंगठेबहाद्दरले नही समजाव."

दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात. हा दोन्ही घरी जेवत होता.

मी उठलो. अंगठा नाही, सही नाही. मागून आवाज आला, "उद्या याल परत!"

घरी बायको गुडघ्याला तेल चोळत होती. सगळं सांगितलं. ती "बेस कयं, बरं केलं" म्हणाली, आणि दुसरा गुडघा चोळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याचा तुकडा आणि ऑइलपेंट घेऊन प्लॉटवर गेलो. अंगठ्याची शाई निघाली नव्हती. खुंट ठोकला. माझ्या हातानं लिहिलं:

'पलाट विकने आहे. दलालाने आधी लीहून द्यावे तो कोनाचा.'

शेजारी म्हणाला, "नाना, अक्षरं चुकली."

म्हटलं, "तुला वाचता आलं ना? मग राहू दे."

खाली सही केली. पूर्ण नावाची.